सोलेरच्या सोनाटांत तेच ते पुन्हा का येतं, आणि ते वाजवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पियानोच्या परीक्षांतली आठवी ग्रेड झाली. शिक्षकांनी पाद्रे अंतोनियो सोलेर या अठराव्या शतकातल्या स्पॅनिश संगीतकाराची सी शार्प मायनरमधली सोनाटा (कीबोर्डसाठीची एक रचना), क्रमांक 21, हातात दिली. दीड महिन्यात बोटं बसली, पण मन काही बसलं नाही. एक तुकडा वाजवावा, तर तोच लगेच परत. मग दुसरा तुकडा, तोही दोनदा. हा नुसता भरणा आहे का? त्याचा गुरू स्कार्लाटी याची नक्कल आहे का? मुळात हार्प्सिकॉर्डचं, म्हणजे तारा छेडणाऱ्या जुन्या कीबोर्ड वाद्याचं, हे संगीत पियानोवर वाजवावं का? आणि वाजवायचं तर पुढे कोणती सोनाटा घ्यावी?

मी पुण्यात सत्तावीस वर्षं पियानो शिकवते आणि त्यातली वीस वर्षं तरी सोलेर माझ्या पियानोवरून हललेला नाही. तुमच्यासारखाच कंटाळा घेऊन येणारे विद्यार्थी दरवर्षी एक-दोन असतातच. म्हणून आधी मुद्द्याचं सांगते. सोलेरमध्ये जी पुनरावृत्ती दिसते, तिच्यातच त्याचं सगळं काम चाललेलं असतं. एक वाक्य तो दोनदा म्हणतो, कारण तिसऱ्यांदा म्हणताना त्याला त्यातला एकच सूर हलवायचा असतो. तो सूर हलला की पायाखालची जमीन बदलते. पहिली दोन वाक्यं कानात पक्की बसली नसतील तर तिसऱ्यातला बदल कळतच नाही. कंटाळा येतो तो बहुधा बोटांना पाठ झालेलं कानाने ऐकलेलं नसतं म्हणून.

आता हा माणूस कोण होता ते पाहू, कारण त्याचं संगीत तो जिथे राहिला त्या जागेला धरून आहे.

सोलेर कातालोनियातल्या ओलोत गावचा. 3 डिसेंबर 1729 ला त्याचा बाप्तिस्मा झाला. सहा वर्षांचा असताना तो मोन्सेरातच्या मठातल्या गायक मुलांच्या शाळेत गेला आणि ऑर्गन, गायन, रचना सगळं तिथेच शिकला. 1752 मध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्याने एल एस्कोरियालच्या मठात प्रवेश घेतला आणि पुढच्या वर्षी कायमची दीक्षा घेतली. माद्रिदच्या वायव्येला, ग्वादारामा डोंगरांच्या पायथ्याशी, दुसऱ्या फिलिपने बांधलेली ही ग्रॅनाइटची अवाढव्य वास्तू. मठ, राजवाडा, ग्रंथालय आणि राजघराण्याचं दफनस्थान, सगळं एकाच छपराखाली. 1757 पासून सोलेर तिथल्या चॅपेलचा संगीतप्रमुख होता. 20 डिसेंबर 1783 ला तो गेला तोही तिथेच. म्हणजे एकतीस वर्षं तो एकाच मठात राहिला. प्रार्थनेच्या वेळा, गायकवृंदाच्या तालमी, सणावारांसाठी लागणारी नवी भक्तिगीतं, ही त्याची रोजची नोकरी. सोनाटा या सगळ्यातून उरलेल्या वेळात लिहिलेल्या आहेत.

पण दरवर्षी शरद ऋतूत राजदरबार एस्कोरियालला मुक्कामाला यायचा आणि दरबाराबरोबर दरबारचे संगीतकारही. राणी मारिया बार्बारा ही मूळची पोर्तुगालची राजकन्या. तिचा गुरू दोमेनिको स्कार्लाटी लिस्बनपासून तिच्या पदरी होता. सोलेर मठात आल्यापासून 1757 मध्ये स्कार्लाटी जाईपर्यंतच्या या चार-पाच वर्षांत त्याला स्कार्लाटीकडे शिकायला मिळालं. होसे दे नेब्रा या दरबारी संगीतकाराकडेही तो शिकला. नंतर तो स्वतः राजगुरू झाला. राजा तिसऱ्या कार्लोसचा मुलगा गाब्रिएल हा त्याचा शिष्य. दोन ऑर्गनांसाठीचे सहा कॉन्चेर्तो आणि 1776 मधली तंतुवाद्यं व कीबोर्ड यांची सहा क्विंटेट सोलेरने याच राजपुत्रासाठी लिहिली. सोनाटांपैकीही बऱ्याच त्याच्यासाठीच असाव्यात असं मानलं जातं, आणि वाजवताना ते पटतं. शिष्य हुशार आहे, हात चपळ आहेत, उद्या त्याला काय नवं द्यावं, असा विचार त्यांच्यामागे जाणवतो.

तुमच्या हातातल्या सोनाटेची एक स्वतंत्र गोष्ट आहे. 1772 च्या फेब्रुवारीत लॉर्ड फिट्झविल्यम हा इंग्लिश संगीतप्रेमी एस्कोरियालला गेला होता. सोलेरने त्याला आपल्या सत्तावीस सोनाटांचं हस्तलिखित भेट दिलं. फिट्झविल्यमने ही भेट 14 फेब्रुवारीला मिळाल्याची आणि सोलेर स्कार्लाटीकडे शिकल्याची नोंद करून ठेवली. पुढे लंडनच्या रॉबर्ट बर्चलने तो संच छापला, तोवर सोलेरला जाऊन बरीच वर्षं झाली होती. फिट्झविल्यमचा संग्रह आज केंब्रिजच्या त्याच नावाच्या संग्रहालयात आहे. क्रमांक 1 ते 27 म्हणजे हाच संच. बाकीच्या बहुतेक सोनाटा आपल्यापर्यंत इतरांनी उतरवून घेतलेल्या नकलांतून आल्या. विसाव्या शतकात सामुएल रुबिओ या स्पॅनिश धर्मगुरू-अभ्यासकाने त्या जमवून, क्रमांक लावून प्रसिद्ध केल्या. आपण 'क्रमांक 21' म्हणतो तो रुबिओचा क्रमांक. त्यावरून रचनेचा काळ ठरवू नका, ते क्रमांक कालक्रमाने लावलेले नाहीत.

आता पुनरावृत्तीकडे परत येते.

1762 मध्ये सोलेरने माद्रिदला एक ग्रंथ छापला. त्याच्या नावाचा अर्थ 'मॉड्युलेशनची किल्ली'. एका कीमधून, म्हणजे एका आधारस्वरावरून, दुसऱ्या कीमध्ये कसं जावं, सावकाश कसं जावं, थोडक्या वेळात कसं जावं, हे त्यात उदाहरणांसह सांगितलं आहे. हिंदुस्थानी संगीताचा कान असलेल्यांना सांगायचं तर, चालत्या गाण्यात षड्ज दुसरीकडे नेऊन ठेवायचा आणि ऐकणाऱ्याला ठेच लागू द्यायची नाही. या ग्रंथावर त्या काळी टीका झाली, वादाची पत्रकं निघाली, आणि सोलेरने 1765 मध्ये आक्षेपांना छापील उत्तर दिलं. बोलोन्याचे संगीतपंडित पाद्रे मार्तिनी यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला तोही त्याच सुमारास. षड्ज हलवण्याचा प्रश्न आयुष्यभर मनात बाळगणारा हा माणूस आहे, एवढं ध्यानात ठेवून त्याच्या सोनाटा उघडल्या तर तेच तुकडे वेगळे दिसतात.

हे शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून पियानोवर बसा. उजव्या हाताने सी शार्प मायनर कॉर्ड धरा: सी शार्प, ई, जी शार्प. आता फक्त वरचं बोट एक पट्टी वर न्या. जी शार्पचा ए झाला आणि तुम्ही ए मेजरमध्ये आलात. आता खालचं बोट एक पट्टी खाली: सी शार्पचा सी, म्हणजे ए मायनर. मधलं बोट एक पट्टी वर: ई चा एफ, म्हणजे एफ मेजर. वरचं बोट एक पट्टी खाली: ए चा ए फ्लॅट, म्हणजे एफ मायनर. शेवटी खालचं बोट एक पट्टी वर: सी चा डी फ्लॅट. आता हाताखाली डी फ्लॅट मेजर आहे. सुरुवातीची सी शार्पची पट्टी आणि आताची डी फ्लॅटची पट्टी एकच आहे. पाच पावलं झाली, दर पावलाला एकच बोट एकच पट्टी हललं, आणि तुम्ही निघालात तिथेच परत आलात. फक्त उदास घर उजळलं आहे.

हा क्रम सोलेरचा नाही, माझ्या वर्गातला आहे. पण सोलेर नेमका याच गोष्टीवर जगतो: बाकीचं धरून ठेवायचं आणि एक सूर सरकवायचा. आणि पाहा, फिट्झविल्यमच्या संचात तुमच्या सी शार्प मायनर सोनाटेच्या पुढच्याच दोन, 22 आणि 23, डी फ्लॅट मेजरमध्ये आहेत. 21 नंतर न थांबता 22 चा पहिला बार (मात्रांचा एक गट) वाजवून बघा. मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा पियानोचं झाकण लावून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

आता पेन्सिल घ्या आणि सोनाटेत जिथे जिथे एक तुकडा दोनदा येतो तिथे दोन्हींवर एक हलकी रेघ मारा. मग त्याच्या पुढचा तुकडा या दोहोंपेक्षा कुठे वेगळा आहे ते शोधा. बहुतेक वेळा एखादा शार्प वाढलेला असतो किंवा नॅचरल आलेला असतो, कधी डाव्या हाताचा खालचा सूर एक पायरी उतरलेला असतो. तेवढ्याच सुराभोवती गोल करा. एका पानावर सहा-सातपेक्षा जास्त गोल क्वचितच होतील. ही तुमच्या सोनाटेची खरी वाट. आता दोन दिवस फक्त गोल केलेले बार आणि त्यांच्या आधीचा एकेक बार वाजवा, बाकी काही वाजवू नका. सुरावर जोर देऊ नका, ताणू नका, त्याच्या आधी थांबू नका. नुसतं तो येणार आहे हे तुम्हाला ठाऊक असू द्या. ज्याला पुढे वळण आहे हे माहीत असतं त्याची गाडी वळणापूर्वीच नीट लागलेली असते, तसं वाजवण्यातही आपोआप होतं.

दुसरी पुनरावृत्ती याहून मोठ्या मापाची आहे. सोलेरच्या बहुतेक एकभागी सोनाटांचे दोन अर्ध असतात आणि प्रत्येक अर्ध दोनदा वाजवायचा असतो. पहिला अर्ध संपतो तेव्हा तुम्ही घरी नसता, दुसऱ्याच कीमध्ये पोहोचलेले असता. दुसरा अर्ध तिथून निघतो, लांबलांब भटकतो आणि शेवटी घरी येतो. पहिल्या अर्धाच्या अखेरीस जे वाजलं होतं तेच दुसऱ्याच्या अखेरीस येतं, पण आता ते मूळ कीमध्ये असतं. हे दोन शेवट लागोपाठ वाजवून पाहा, मधलं सगळं सोडून. बोटांची ठेवण बदलते, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जागा बदलते, त्यामुळे एकच मजकूर हाताला दोन वेगळ्या चवींचा लागतो. विद्यार्थी हे दोन शेवट एकाच फिंगरिंगने पाठ करतात आणि मैफलीत दुसऱ्या शेवटाला आले की हात पहिल्याच्या रस्त्याला लागतो. दोन्हींचं फिंगरिंग वेगळं लिहून काढा.

आणि रिपीट गाळू नका. परीक्षेत वेळेसाठी गाळायला सांगितले तर इलाज नाही. पण घरी आणि मैफलीत दोन्ही अर्ध दोनदा वाजवा. पहिल्या वेळी ऐकणाऱ्याला फक्त वाट दिसते. वाटेत कुठे काय सरकलं ते दुसऱ्या वेळी कळतं.

पियानोवर वाजवण्याबद्दल: वाजवा, निःशंक वाजवा. आलिसिया दे लारोचासारख्या थोर स्पॅनिश पियानिस्टने सोलेर पियानोवरच जगाला ऐकवला. त्या काळी दरबारात हार्प्सिकॉर्डच्या बरोबरीने सुरुवातीचे पियानोही आलेले होते. राणी मारिया बार्बाराच्या वाद्यांच्या यादीतही ते आहेत. सोलेरच्या काही सोनाटा ऑर्गनवरही सुरेख बसतात. वाद्य कुठलंही घ्या, हार्प्सिकॉर्डचा एक गुण मात्र मनात ठेवायला हवा. त्यात तार पिसाच्या टोकाने छेडली जाते, त्यामुळे पट्टी हळू दाबा किंवा जोरात, आवाजाची पातळी तीच राहते. तिथे मोठं-लहान करायचं असेल तर सूर वाढवावे लागतात, कॉर्ड जाड करावा लागतो, हात वर-खाली न्यावा लागतो. सोलेरने हे सगळं लिहूनच ठेवलं आहे. जिथे त्याला भर हवी तिथे दोन्ही हात भरलेले आहेत, जिथे हलकं हवं तिथे एकच सूर ठेवला आहे. मग पियानोवर आपण पहिला तुकडा मोठा आणि दुसरा लहान, पहिला मोठा आणि दुसरा लहान, असं प्रतिध्वनीसारखं करत गेलो की त्याने बांधलेली उंची-सखलता सपाट होऊन जाते. हा प्रतिध्वनीचा सपाटा सोलेरला सगळ्यात जास्त मारतो. एखाद-दोन ठिकाणी करा, पण ते कुठे करायचं याचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

तुमच्याकडे डिजिटल पियानो असेल तर त्यातला हार्प्सिकॉर्डचा आवाज लावून एक आठवडा याच सोनाटेचा रियाज करा. बऱ्याच मॉडेलांत हा आवाज लावला की दाबण्याच्या जोराचा परिणाम बंद होतो. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीला मी हे करायला लावलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला की ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची झपाट्याने होणारी अदलाबदल, कुठेच स्वच्छ येत नाहीत, आणि आतापर्यंत त्या येत होत्या असं तिला वाटत होतं. पियानोवर ती कमजोर बोटाचा सूर नकळत दडवत होती, हार्प्सिकॉर्डच्या आवाजात दडवायला जागा नव्हती. आठवडाभरानंतर ती पियानोवर परत आली तेव्हा चौथ्या बोटाने काम करायला सुरुवात केली होती.

पेडल कमी ठेवा. डावा हात एका जागी कॉर्ड तोडून फिरवतो तिथे एखादा हलका स्पर्श चालतो. पण गोल केलेल्या सुरांवर पेडल धरलेलं नको. आधीच्या कीचा धूर नव्या कीमध्ये राहिला तर सरकलेला सूर ऐकूच येत नाही, आणि त्याच्यासाठी तर हा सगळा खटाटोप आहे.

सोलेरच्या हातात कीबोर्ड असला तरी कानात गिटार आहे. हे ओळखू येणं फार महत्त्वाचं आहे. एकाच सुराची झपाट्याने केलेली पुनरावृत्ती, कॉर्ड एकदम न दाबता वरून खाली ओघळवणं, बासचा एक सूर हलत नाही आणि वर सगळं हलतं अशा जागा, हे सगळं तारांवर फिरणाऱ्या नखांचं काम आहे. एकाच पट्टीवर सूर परतपरत मारायचा असेल तर बोटं बदला: तिसरं, दुसरं, पहिलं. बोट पट्टीतून बाहेर येताना मनगटाच्या दिशेने किंचित आत ओढलं जाऊ द्या, जसं नख तारेवरून जातं. वरून आपटलेल्या बोटाने हे होत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या साध्या अपराइट पियानोच्या पट्ट्या दमटपणाने जड होतात आणि सूर परतायला वेळ लावतात, तेव्हा दोष बोटांना देऊ नका. ट्यूनरला बोलवा, आणि तोवर हा भाग सावकाश वाजवा. जोराने वाजवून ती पट्टी सुटत नाही, मनगट मात्र दुखावतं.

गिटारचा विषय निघाला म्हणून 'फान्दांगो' (हे एका स्पॅनिश नाचाचं नाव) बद्दल लिहितेच, जरी तुम्ही विचारलं नसलं तरी. सोलेरच्या नावावरचा हा सगळ्यात प्रसिद्ध तुकडा, आणि तो खरोखर त्याचाच आहे का यावर अभ्यासकांत वाद आहे. पण सोलेरच्या पुनरावृत्तीची भीती घालवायला याच्यासारखं औषध नाही. तीन मात्रांचा ठेका, डावीकडे डी मायनर आणि ए मेजर, डी मायनर आणि ए मेजर, दहा-बारा मिनिटं जवळजवळ तेवढंच. ज्याने तबल्याचा एकल कार्यक्रम ऐकला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हार्मोनियमवर लेहरा चालू आहे, एकच ओळ, न थकता, आणि तिच्या अंगावर कायदा, रेला, गत सगळं उभं राहतंय. लेहऱ्याचा कोणाला कंटाळा येत नाही, कारण आपलं लक्ष त्या ओळीवर काय चढतंय याकडे असतं, आणि ती ओळ मनात चालू आहे म्हणूनच चढणारं कळतं. फान्दांगोचा डावा हात मी विद्यार्थ्यांना लेहऱ्यासारखाच वाजवायला सांगते: एकसारखा, न बोलता, कुठेही घाई नाही. उजव्याने कितीही आकाशपाताळ एक केलं तरी डाव्याने सम सोडायची नाही.

यातल्या सुरांकडेही एकदा कान द्या. ए ला सा मानलं तर त्यावर बी फ्लॅट हा कोमल रे, सी शार्प हा शुद्ध ग, पुढे शुद्ध म, प, आणि एफ हा कोमल ध. जी आला की कोमल नी. म्हणजे आपल्या बसंत मुखारीचे सूर. दोन्हींचा इतिहास एक आहे असं मी म्हणत नाही. पण हे सूर ओळखीचे असलेला कान कोमल रे वरून सा वर येण्यातली ओढ जन्मतः जाणतो, ती ओढ शिकवून येत नाही. तुमच्याकडे ती असेल तर सोलेर वाजवताना ती बाजूला ठेवू नका. हातात आलेल्या प्रतीत फान्दांगो संपतो तोही ए वरच, डी वर नाही. पाश्चात्त्य सवयीच्या कानाला तो मध्येच तुटल्यासारखा वाटतो. ए हाच सा म्हणून ऐकलात तर तो शेवट अगदी समेवर आल्यासारखा लागतो.

आता उड्या. एक हात दुसऱ्यावरून जाणं, डावा हात बासवरून थेट वरच्या सप्तकात, हे सोलेरमध्ये बरंच आहे. क्रमांक 88 आणि 90 वर हात टाकाल तेव्हा हे आठवेल. उडी चुकते ती बोट खाली येताना नाही, हात निघायला उशीर होतो म्हणून. म्हणून रियाज असा करा: उडीच्या आधीचा सूर वाजवा, हात ताबडतोब पुढच्या पट्टीवर नेऊन नुसता टेकवा, वाजवू नका. थांबा. बोट बरोबर पट्टीवर आहे ना, पाहा. मग वाजवा. आधी पोहोचायचं, मग वाजवायचं. हे मधलं थांबणं रोज थोडं थोडं कमी करत आणा. नजर उडी मारणाऱ्या हाताच्या आधी तिथे गेलेली असली पाहिजे, आणि दोन्ही हात लांब जात असतील तर नजर ज्याची उडी मोठी त्याला द्यायची. वेग वाढवून उड्या कधी बसत नाहीत. मी एका मैफलीत क्रमांक 90 उत्साहाच्या भरात ठरवल्यापेक्षा बरीच वेगाने सुरू केली होती. उड्या चुकल्या त्या तर चुकल्याच. त्याहून वाईट म्हणजे घरी सहा महिने जपलेली वळणं लोकांपर्यंत पोहोचलीच नाहीत. ती मैफल मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून सोलेरचा वेग मी सर्वांत अवघड उडीवरून ठरवते आणि तिथून एक पायरी कमी करते.

स्कार्लाटीची नक्कल का? नाही. गुरूची छाप आहे, आणि ती सोलेरने लपवलेली नाही: दोन अर्धांची रचना, हातांची अदलाबदल, गिटार, सगळं तिकडून आलं आहे. पण दोघांच्या पाचपाच सोनाटा लागोपाठ वाजवल्या की स्वभाव वेगळे दिसतात. स्कार्लाटी अचानक दार उघडतो. एका कॉर्डमध्ये न जुळणारे सूर कोंबतो, मध्येच गप्प होतो आणि कुठल्या कुठे निघून जातो. सोलेर दार सावकाश ढकलतो. त्याची वाक्यं मापाची आहेत, त्याच्या डाव्या हातात कॉर्ड तोडून फिरवण्याची नवी तऱ्हा पुष्कळदा आहे, आणि पुढच्या काळात त्याने तीन-चार भागांच्या, मिन्युएट घातलेल्या सोनाटाही लिहिल्या. स्कार्लाटीच्या साडेपाचशेंपेक्षा जास्त सोनाटांमध्ये असं क्वचित सापडतं. मला विचाराल तर धाडस स्कार्लाटीत जास्त आहे. पण दूरच्या कीमध्ये जाताना ऐकणाऱ्याचा हात धरून नेणं सोलेरला जास्त साधलं आहे. तो शिक्षक होता, आणि त्याचं लिखाण वाजवताना ते मला जाणवतं.

पुढे काय घ्यावं: 21 झाली की वेगवान सोनाटा लगेच उचलू नका. फिट्झविल्यमच्या संचात एकाच कीच्या दोन सोनाटा शेजारीशेजारी येतात, पुष्कळदा एक संथ आणि एक वेगाची. 18 आणि 19 सी मायनरमध्ये, 22 आणि 23 डी फ्लॅटमध्ये, 24 आणि 25 डी मायनरमध्ये. यातली एक जोडी पूर्ण घ्या. मी 24 आणि 25 सुचवते. 24 संथ आहे, तिच्यात बोटांना काही नाही आणि कानाला सगळं आहे. आठवी ग्रेड झालेल्या मुलांना ही सोनाटा सोपी वाटते आणि पंधरा दिवसांनी ती कठीण आहे हे कळतं. त्यानंतर क्रमांक 84, डी मेजर, गिटार खऱ्या अर्थाने हातात यावी म्हणून. 87, जी मायनर, ही माझी लाडकी. तिच्याकडे मात्र घाईने जाऊ नका. 90, एफ शार्प मेजर, सहा शार्प आणि उड्या. ती वर्षभरानंतर.

ऐकायचं झालं तर बॉब व्हान आस्पेरेन किंवा गिल्बर्ट रोलँड यांचं हार्प्सिकॉर्डवरचं वादन ऐका. दोघांनीही सोलेरच्या सोनाटांचे मोठे संच रेकॉर्ड केले आहेत. मग लारोचांचं पियानोवरचं. एकच सोनाटा दोन्हींकडे मिळाली तर पेन्सिलीचे गोल केलेलं पान समोर ठेवूनच ऐका. प्रत्येक गोलावर वाजवणाऱ्याने काय केलं ते बाजूला दोन शब्दांत लिहा: थोडं थांबला, काहीच केलं नाही, डावा हात वर आणला. मग तुमचं स्वतःचं रेकॉर्डिंग मोबाइलवर करून त्याच पानावर, वेगळ्या रंगाने, तेच लिहा. पहिल्या वेळी तुमच्या रंगात बहुतेक गोलांशेजारी लिहायला काही नसेल. महिनाभराने त्याच पानावर पुन्हा लिहा.